आलिदा वाल्लीची सही आणि १९४२ चा घोळ: एका फोटोची पूर्ण केस

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. पोस्टकार्ड साइजचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, साधारण ९ बाय १४ सेंटिमीटर, चकचकीत. इटालियन सिनेनटी आलिदा वाल्ली खांद्यावरून मागे बघतेय. खाली उजव्या बाजूला निळ्या-काळ्या शाईने एका मुलीचं नाव, तिला सस्नेह अशा अर्थाचे दोन शब्द, सही, आणि सहीखाली रोम, १९४२ आणि त्यापुढे रोमन आकड्यात वीस. पाठीमागे फिरेन्झेच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या, बल्लेरिनी अँड फ्रातिनी या प्रकाशकाचा छाप, अल्बमच्या काळ्या कागदाचे चिकटून राहिलेले तुकडे, आणि बॉलपेनने लिहिलेली एक ओळ, जिच्यातलं फक्त "डिसेंबर १९४२" सुरुवातीला वाचता येत होतं. मागितलेली किंमत नव्वद युरो.

ही केस तोरिनोत, म्हणजे ट्यूरिनमध्ये, पीएचडी करणाऱ्या एका मराठी मुलीची आहे, तिला इटालियन नट्यांचे सही केलेले फोटो जमवायचा नाद लागलाय आणि तो माझ्यामुळे लागला असं तिच्या आईचं म्हणणं आहे. तोरिनोच्या चिनेमा मास्सिमोमध्ये, म्हणजे तिथल्या सिनेमा म्युझियमचंच जे थिएटर आहे तिथे, तिने 'द थर्ड मॅन' बघितला आणि त्यातला शेवट, व्हिएन्नाच्या स्मशानभूमीतल्या त्या लांबलचक रस्त्यावरून वाल्ली चालत येते आणि जोसेफ कॉटनकडे न बघता निघून जाते, तो बघून ही पोरगी वाल्लीच्या मागे लागली. मग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पोर्ता पालात्सोजवळ जो ग्रान बालोन नावाचा जुना बाजार भरतो तिथे तिला हा फोटो दिसला. विक्रेता म्हातारा होता, भला माणूस, म्हणाला घेऊन जा, दाखव कुणाला दाखवायचं ते, पुढच्या बाजारात पैसे तरी दे नाहीतर फोटो परत दे. असे लोक अजून आहेत म्हणून हा छंद अजून आहे.

तिने आधी तिथल्याच एका जुन्या कागदपत्रांच्या दुकानात दाखवला. दुकानदाराने उलटा करून पाठ बघितली आणि एका मिनिटात निकाल दिला, खोटा आहे, कारण १९४२ मध्ये इटलीत बॉलपेन नव्हतं, आणि पुढच्या बाजूची तारीख मागच्या तारखेशी जुळत नाही. त्याचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. निकाल मात्र त्यातून तसा निघत नाही, आणि का निघत नाही हेच या केसमध्ये सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

तिचा मेसेज आला, "दादा, परत देऊन टाकू का?" मी म्हटलं थांब, आधी घेऊन ये इकडे मिलानला, मोबाइलवरच्या फोटोवरून सहीवर मत द्यायचं नाही हा माझा नियम आहे. तिने तोवर घरी बसून एक काम केलं होतं जे सगळेच नवीन लोक करतात, इंटरनेटवर वाल्लीच्या सह्या शोधल्या आणि शेजारी ठेवून बघितल्या. जुळत नव्हत्या. आता बघा, वाल्लीचा जन्म ३१ मे १९२१ चा, पोला गावचा, जे तेव्हा इटलीत होतं आणि आज क्रोएशियात आहे, आणि ती गेली २२ एप्रिल २००६ ला रोममध्ये. १९९७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात तिला कारकिर्दीचा गोल्डन लायन मिळाला तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती. इंटरनेटवर ज्या सह्या सहज सापडतात त्यातल्या बऱ्याच म्हातारपणी टपालाने आलेल्या चाहत्यांच्या कार्डांवर केलेल्या असतात. एकवीस वर्षांच्या पोरीची सही पंचाहत्तरीतल्या बाईच्या सहीशी ताडून काय मिळणार. त्यात १९४७ ते १९५० या हॉलिवूडच्या काळात निर्माता सेल्झनिकने तिला पडद्यावर नुसतं "वाल्ली" केलं, ग्रेटा गार्बोसारखं एकाच नावाने ओळखलं जावं म्हणून, म्हणजे त्या काळातल्या अमेरिकन फोटोंचा हिशोब पुन्हा वेगळा.

म्हणून मी सहीचा आकार सगळ्यात शेवटी बघतो. आधी कागद, मग शाई, मग तारीख, मग हात. कागद खोटं बोलू शकत नाही असं नाही, पण त्याला खोटं बोलायला लावणं महाग पडतं.

कागदाचं लवकर उरकलं. भिंगाखाली ठिपके दिसले नाहीत, म्हणजे छापखान्यातलं चित्र नाही, खरा फोटोग्राफिक प्रिंट आहे. गडद भागात कडेला चांदीसारखी निळसर झाक आली होती, जुन्या सिल्व्हर प्रिंटला येते तशी. मग खोलीत अंधार करून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला, शेजारी प्रिंटरचा साधा कागद ठेवून. प्रिंटरचा कागद निळा-पांढरा पेटला, कार्ड मख्ख राहिलं, ना पुढून काही ना पाठीमागून. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालतात, डिटर्जंटमध्येही तीच असतात, ती फोटोच्या कागदात साधारण १९५० च्या पुढेमागे यायला लागली. ही साधी टेस्ट फार मोठी आहे. लुईस हाईन हा अमेरिकन फोटोग्राफर १९४० मध्ये गेला, आणि त्याच्या सह्या असलेले काही "जुने" प्रिंट १९९० च्या दशकाच्या शेवटी याच उजेडात चमकले आणि सगळा बाजार हादरला. उलट बाजूने मात्र या टेस्टला मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. न चमकणारा कागद एवढंच सांगतो की कार्ड जुनं आहे. जुनी कोरी कार्डं बाजारात दोन-तीन युरोला टोपलीभर मिळतात आणि खोट्या सह्या करणारे तीच विकत घेतात.

त्यामुळे खरी लढाई शाईची. पहिला प्रश्न, सही कार्डावर आहे की कार्डात आहे? त्या काळात फॅन मेलला पुरं पडायचं म्हणून निगेटिव्हवरच सही घेऊन प्रिंट काढायचे, ती सही फोटोचाच भाग असते. कार्ड खिडकीपाशी आडवं धरलं, डोळा जवळजवळ कार्डाच्या पातळीत आणला आणि हळूहळू फिरवलं. छापील सही असती तर चकाकी सहीवरून सलग गेली असती. इथे प्रत्येक रेषेवर चकाकी तुटत होती, शाईचा थर मंद, आजूबाजूचा भाग चकचकीत. म्हणजे हाताने केलेली आहे, शिक्का पण नाही, कारण शिक्क्याची शाई कडेला दाटते आणि सगळीकडे सारखीच दाबलेली असते.

मग भिंग. मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो आणि मी तिला शेजारी बसवून दाखवला. निब असलेलं पेन जोर दिल्यावर फाकतं, मग रेषेच्या दोन कडा गडद आणि मध्ये फिकट असं होतं, खाली येणाऱ्या रेषा जाड, वर जाणाऱ्या बारीक. आडनावातल्या दोन "ल" वर हे अगदी स्वच्छ दिसत होतं, वर जाताना केसासारखी रेघ, खाली येताना भरलेली, आणि जिथे रेषा रेषेला छेदते तिथे शाई साचून तपकिरीकडे झुकलेली. थरथर नाही, मध्येच थांबून पुन्हा सुरू केल्याची गाठ नाही. नक्कल करणारा माणूस सही लिहीत नाही, काढतो, आणि काढलेल्या रेषेत तो सावकाशपणा भिंगाखाली लपत नाही. मुलीचं नाव, ते दोन शब्द, सही आणि तारीख, सगळं एकाच शाईत, एकाच लयीत. तारखेपर्यंत येताना शाई जरा फिकी झालीये कारण पेन परत बुडवलेलं नाही, एका दमात लिहिलंय. ही गोष्ट पुढे कामाला आली.

आता बॉलपेन. दुकानदार बरोबर होता, १९४२ मध्ये बॉलपेन दुकानात मिळत नव्हतं. बॉलपेन बनवणाऱ्या बिरो बंधूंचं पेटंट अर्जेंटिनात १९४३ चं, न्यूयॉर्कला बॉलपेन विकायला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, आणि युरोपात सामान्य माणसाच्या खिशात ते पन्नासच्या दशकात आलं. पण बॉलपेन आहे ते पाठीमागे! पुढे नाहीये. पाठीवरची ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, हे विचारायच्या आधीच पुढच्या सहीला शिक्षा देऊन टाकली. आणि एक उलटं उदाहरण देतो म्हणजे मुद्दा पक्का होईल. समजा पुढची सही बॉलपेनने असती आणि तारीख नसती, तर तीही लगेच खोटी ठरत नाही, कारण वाल्ली २००६ पर्यंत होती आणि लोक जुनी कार्डं तिला पाठवत असणारच. मूक चित्रपटांतली लिदा बोरेल्ली १९१८ मध्ये लग्न करून सिनेमातून बाहेर पडली पण गेली १९५९ मध्ये, तिच्याही जुन्या कार्डावर बॉलपेनची सही शक्य आहे. फोटो कधीचा यावरून सही कधीची हे ठरत नाही. शाई जुळायला हवी ती सहीसोबत लिहिलेल्या तारखेशी, आणि नट किंवा नटी तेव्हा हयात होती का याच्याशी.

राहिला तारखांचा घोळ, आणि हा भाग नुसता रंजक नाही तर निर्णायक आहे. मुसोलिनीच्या काळात इटलीत वर्षं मोजायची एक वेगळी पद्धत होती, ऑक्टोबर १९२२ च्या रोमवरच्या मोर्चापासून पहिलं वर्ष धरायचं, आणि १९२७ पासून सरकारी कागदांवर नेहमीच्या सनाबरोबर हा रोमन आकडा लिहिणं सक्तीचं होतं. शाळेच्या वह्या, पत्रं, पोस्टकार्डं, लोक सवयीने सगळीकडे लिहायचे. हे वर्ष जानेवारीत बदलत नाही, ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतं. म्हणजे १९४२ सालाला दोन आकडे आहेत, ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत वीस आणि तिथून पुढे एकवीस. फोटोवर वीस आहे. म्हणजे सही जानेवारी ते ऑक्टोबर १९४२ मधली. पाठीवर डिसेंबर १९४२, म्हणजे तो महिना एकविसाव्या वर्षात जातो. दुकानदाराला विसंगती दिसली ती ही.

माझ्या मते वीस हा आकडा सहीच्या बाजूने बोलतो. १९४२ म्हणून नंतर कुणी खोटं रचलं असतं तर एकतर हा आकडा टाकलाच नसता, किंवा पाठीवर डिसेंबर लिहिणाऱ्याच माणसाने पुढे रचलं असतं तर दोन्हीकडे एकच महिना ठेवला असता. खोटं रचणारा माणूस गोष्टी जुळवतो. न जुळणाऱ्या दोन तारखा दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वेळी लिहिलेल्या असण्याची शक्यता जास्त. वाल्ली त्या काळात रोमलाच काम करत होती, 'पिक्कोलो मोंदो अंतिको' हा तिचा सिनेमा १९४१ मध्ये येऊन ती देशभर गाजलेली, आणि 'नोई विवी' १९४२ च्या सप्टेंबरात व्हेनिसला दाखवला गेला. म्हणजे जागेची अडचण नाही. पण रोम आणि १९४२ हे कुणालाही पुस्तकातून काढता येतं, त्यावर मी फार वजन टाकत नाही.

मग पाठ नीट वाचायची ठरवलं. काळे तुकडे ओले करून सोलायचा मोह फार होतो, करू नका, फोटो ज्यात असतो तो जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि पुढून फोटो उचलला जातो. आम्ही टेबलावरचा दिवा अगदी आडवा केला, बॉलपेन कागदात चर पाडतं त्यामुळे तिरक्या उजेडात चिकटलेल्या पातळ कागदाखालचीही अक्षरं सावलीसारखी वर येतात. दिवा चारही बाजूंनी फिरवत मोबाइलवर फोटो काढले, कॉन्ट्रास्ट वाढवला. दोन ठिकाणी गोंदाचा जाड थर होता तिथे काहीच दिसलं नाही. बाकी जे वाचता आलं ते असं, "... मावशीकडून, डिसेंबर १९४२". हात गोल, शाळकरी वळणाचा, पुढच्या हाताशी काही संबंध नाही.

म्हणजे कुण्या मावशीने भाचीच्या नावाने सही घेतली किंवा मागवली, ऑक्टोबरच्या आत, आणि पोरीच्या हातात ती पडली डिसेंबरात, आणि त्या पोरीने पुढे कधीतरी बॉलपेन वापरायच्या काळात, अल्बममध्ये लावताना किंवा काढताना, आठवण म्हणून पाठीवर लिहून ठेवलं. ही गोष्ट सिद्ध झाली असं मी म्हणत नाही. पण समोर जे आहे ते सगळं यात बसतं, आणि "खोटं आहे" या निकालात कागद, निब, एका दमातलं लिखाण आणि रोमन वीस यातलं काहीच बसत नाही.

आता हात. माझ्याकडे वाल्लीचं १९४१ चं एक कार्ड आहे, ते ज्या कुटुंबाकडून आलं त्यांनी त्याचं शिक्का मारलेलं पाकीटही दिलं होतं म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. पाकिटाला लोक किंमत देत नाहीत, मी तर म्हणतो फोटो जरा फाटका चालेल पण पाकीट टाकू नका. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. अक्षरांचे आकार तंतोतंत सारखे नव्हते, तसे असते तर मला उलट शंका आली असती, कारण कुणीच माणूस दोनदा एकच सही करत नाही. जुळायला हवी ती सवय, पेन कुठे उचललं, नाव आणि आडनाव यांच्यात किती जागा सोडली, अक्षरांचा कल, शेवटचं अक्षर कसं सोडलं. या चारही गोष्टी जुळल्या. फरक एकच दिसला, या मुलीच्या कार्डावरची सही जास्त मोठी आहे, पण तिथे फोटोत मोकळी जागाही जास्त आहे.

एक शंका तरीही उरते आणि ती मी तिला स्पष्ट सांगितली. त्या काळात स्टार लोकांना येणारी पत्रं एवढी असायची की घरचं कुणी किंवा सेक्रेटरी त्यांच्यासारखी सही करून फोटो पाठवून द्यायचे. अशी सही जुनीच असते, शाई जुनी, कागद जुना, हात पटापट चाललेला, आणि तरी ती नटीची नसते. भिंग इथे हतबल आहे. पूर्ण नावासकट लिहिलेली आणि एका दमात लिहिलेली ओळ असली की शक्यता नटीच्या बाजूने झुकते एवढंच, आणि माझं १९४१ चं कार्डसुद्धा याच शंकेच्या बाहेर नाही, दोन्ही एकाच सेक्रेटरीने केलेली असू शकतात.

म्हणून माझं मत मी कागदावर असं लिहून दिलं: कार्ड १९५० च्या आधीचं, सही हाताने आणि त्याच काळात केलेली, तारीख विश्वासार्ह, पाठीवरची ओळ नंतरची आणि दुसऱ्याची, सही वाल्लीची स्वतःची असण्याची शक्यता चांगली पण पुरावा अपुरा. असं मत लोकांना आवडत नाही, त्यांना हो किंवा नाही हवं असतं, सर्टिफिकेट हवं असतं. पण सर्टिफिकेटची लायकी ते देणाऱ्याने काय काय बघितलं तेवढीच, आणि त्यात कारणं लिहिलेली नसतील तर तो नुसता कागद आहे.

किमतीबद्दल. नाव घालून केलेली सही बाजारात स्वस्त जाते कारण घेणाऱ्याला दुसऱ्याच कुणाचं नाव भिंतीवर नको असतं. काही लोक ते नाव खरवडून किंवा पुसून काढतात, तिरक्या उजेडात तो खरखरीत डाग लगेच कळतो, आणि बघून खरंच वाईट वाटतं, कारण तुम्ही पुरावाच पुसून टाकलेला असतो. या केसमध्ये नाव नसतं तर मावशी-भाचीची साखळी लागलीच नसती. इटालियन नट्यांच्या बाबतीत तर मी नवीन माणसाला नावासकटच घ्यायला सांगतो. मोनिका वित्ती २००० नंतर आजारपणामुळे लोकांसमोरून पूर्ण दिसेनाशी झाली आणि २०२२ मध्ये गेली, जिना लोल्लोब्रिजिदा जानेवारी २०२३ मध्ये, क्लाउडिया कार्दिनाले सप्टेंबर २०२५ मध्ये. अशा बातम्या आल्या की लगोलग बिननावाच्या स्वच्छ, मोठ्या, ठळक सह्या विक्रीला यायला लागतात. तेव्हा हात आवरा.

ती पुढच्या बाजारात गेली आणि म्हाताऱ्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं, दुकानदाराचं मत पण आणि माझं पण. मी सांगितलं होतं तिला, पुरावा अपुरा आहे हे लपवून ठेवून महाग घ्यायचं नाही आणि खोटं आहे म्हणून घाबरवून स्वस्त पण घ्यायचं नाही. सत्तर युरोला ठरलं. जाता जाता तिने विचारलं की हे कुठून आलं, तो म्हणाला एका घराची आवराआवर होती, तिथून अल्बमची पेटी उचलली, बाकी अल्बम मोडून सुटा विकला. तो मोडायला नको होता, त्याच अल्बमच्या शेजारच्या पानांवर काय होतं ते आता कळणार नाही. पण पेटीतले काही सुटे कागद त्याच्याकडे अजून आहेत आणि ते बघू देईन म्हणालाय.

फोटो आता पॉलिएस्टरच्या पाकिटात आहे, पीव्हीसीच्या नाही, ते काही वर्षांनी चिकट होतं. सुट्टीत पुण्याला न्यायचा तिचा विचार आहे तर पावसाळ्यात नको म्हटलंय, जिलेटिनवर बुरशी बसायला चार ओले आठवडे पुरतात आणि काचेच्या फ्रेमला फोटो चिकटला तर सुटत नाही. सोबत माझं मत, यूव्ही खालचे फोटो आणि पाठीवरच्या ओळीचे तिरक्या उजेडातले फोटो ठेवलेत.

माझं मत बदलेल अशी एकच गोष्ट आहे, वाल्लीने स्वतः लिहिल्याचा पक्का पुरावा असलेला १९४१-४२ चा एखादा कागद, करार म्हणा, पत्र म्हणा. तो समोर आला की माझं कार्ड आणि हिचं कार्ड दोन्ही त्याच्याशेजारी ठेवून पुन्हा पहिल्यापासून बघायचं, आणि दोन्ही सेक्रेटरीची निघाली तर तसं पाठीमागे पेन्सिलने लिहून ठेवायचं, बॉलपेनने नाही.